कापूस, कापूर आणि गुंडी

बऱ्हाणपूरची तलम वस्त्रे इराण, तुर्कस्तान व पोलंडपर्यंत जात, असे १७ व्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये नमूद करतो. तेथील विणकरांचे गुण आपण गातो. गुंडीकडे मात्र लक्ष देत नाही. बाराबंदीचे काम बंदांवरच भागे, हे त्याचे एक कारण असावे. पुढे १८७० च्या सुमारास अमेरिकेत हायट बंधूंनी सेल्युलॉइड सिद्ध केले आणि हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या स्वस्त गुंड्या निघाल्या. हे द्रव्य नत्राम्लाने संस्कारिलेला कापूस व कापूर यांचे. म्हणजे वस्त्र कापसाचे, तशी गुंडीही कापसाचीच! जुने कपडे बोहारणीस देण्यापूर्वी अशा गुंड्या कापून ठेवाव्यात, असे आम्ही सुचवितो. नव्या सदऱ्यास त्या अवश्य लावाव्यात. मात्र त्यांवर इस्त्री फिरवू नये, कारण सेल्युलॉइड चटकन पेट घेते. वस्त्रांच्या इतिहासाचे हे साधन केरात जाऊ नये.