बाहुली, तिचा कर्ता आणि त्याची जीविका

जुन्या वाड्यांतील माळे उपसतांना पोथ्या, बाडें व रुमाल यांबरोबर कधीं कधीं लाकडाच्या किंवा मातीच्या बाहुल्याही हातीं लागतात. पोथी लगेच वेष्टनांत जाते. तिचा शक, लेखक व पत्रसंख्या यांची नोंद होते. बाहुलीच्या वांट्याला बहुधा ‘खेळणें’ एवढा एकच शब्द येतो. संग्राहक अधिक चौकस असला तर पुढें ‘हौशी काम’ किंवा ‘धंदेवाइकाचें काम’ असा शेरा पडतो. हा शेरा कशावरून मारतात, हें आम्हीं अनेकांस विचारून पाहिलें. काम ओबडधोबड असलें तर हौशी आणि नाकडोळे हुबेहूब उतरले असले तर धंदेवाइक, हीच कसोटी बहुतेकांनीं सांगितली. आमच्या मतें ही कसोटी खोटी आहे. हुबेहूब बाहुली घडविणाऱ्याचें पोट त्या बाहुलीच्या विक्रीवर क्वचितच भरलेलें दिसतें. तें भरलें असेल तर मूर्तीच्या पूजेवर, बाहुलीच्या खेळावर किंवा आश्रयदात्याच्या वेतनावर. विक्री झाली ती ओबडधोबड खेळण्यांची. म्हणजे वरील शेरा कित्येकदां नेमका उलटा पडतो. याविषयीं जीं प्रमाणें आमच्या अवलोकनांत आलीं तीं प्रस्तुत लेखांत मांडतों.

या प्रश्नाचा अत्यंत नेमका विचार प्राचीन काळीं वैयाकरणांनीं केलेला आहे, ही गोष्ट शिल्पाच्या अभ्यासकांच्या फारशी ध्यानांत येत नाहीं. पाणिनीच्या पांचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत, ९६ व्या सूत्रापासून, प्रतिकृतीचें प्रकरण आहे. एखाद्या वस्तूसारखी दुसरी वस्तु केली तर मूळ नामास ‘क’ लागतो. घोड्याची प्रतिकृति ती अश्वक. पुढें ९८ व्या सूत्रांत मनुष्याविषयीं अपवाद येतो, आणि काशिकाकार तेथें ‘चंचा’ हा शब्द देतात. चंचा म्हणजे गवताचा पुरुष, आपल्या शेतांतील बुजगावणें. तशा निःसत्त्व माणसालाही चंचाच म्हणावें, त्याला ‘क’ लावूं नये. बुजगावण्याची उपमा व्याकरणांत इतकी जुनी असावी, याचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटतें. असो.

प्रस्तुत विषयाला अत्यंत उपयोगी तें ९९ वें सूत्र होय. जी प्रतिकृति जीविकेसाठीं आहे परंतु विकाऊ नाहीं, तिच्या नामाचा ‘क’ गळतो, असा त्याचा आशय आहे. काशिकेंत उदाहरणें दिलीं आहेत तीं वासुदेव, शिव, स्कंद इत्यादि देवतांचीं: मूर्ति घेऊन फिरणारा किंवा ती पुढें मांडून बसणारा देवलक तिच्यावर जगतो, पण तिला विकत नाहीं. प्रत्युदाहरणें आहेत तीं हत्ती, घोडे व रथ यांच्या प्रतिकृति विकणाऱ्याचीं. तेथें ‘क’ कायम राहतो. जीविका आणि विक्री या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि प्रतिकृतीच्या संबंधांत तर त्या इतक्या भिन्न आहेत कीं शब्दाचें रूपच बदलतें, हें व्यवहारांत रूढ असल्याखेरीज सूत्रकार त्यासाठीं सूत्र खर्ची घालता ना. बाजारांतील मातीचा घोडा अश्वक. देवलकाच्या हातांतील शिव हा शिवच.

या सूत्रावर पतंजलींनीं घेतलेली शंका सुप्रसिद्ध आहे. सुवर्णाच्या इच्छेनें मौर्यांनीं मूर्ति निर्माण करविल्या; मग त्यांना हा नियम कसा लागावा? त्यांना न लागो, पण ज्या मूर्ति सांप्रत पूजेसाठीं आहेत त्यांना तो लागेल, असें महाभाष्यकार स्वतःच समाधान करतात. गोल्डस्टुकर यानें १८६१ सालीं आपल्या पाणिनिविषयक ग्रंथांत या वाक्याचा उपयोग पतंजलींचा काळ ठरविण्याकडे केला, आणि तेव्हांपासून या वाक्यावरील चर्चा बहुतेक कालनिर्णयाच्याच भोंवतीं फिरत राहिली. आम्हांस त्यांतील अर्थव्यवहार अधिक महत्त्वाचा वाटतो. मूर्तीपासून धन मिळवावयाचें तर ती विकावी, कीं तिच्यापुढें येणारें दान घ्यावें, हा प्रश्न राजसत्तेपुढेंही होता, एवढें तरी त्यावरून निश्चित होतें.

मनुस्मृतींतही हा भेद निराळ्या वेषांत दिसतो. श्राद्धास वर्ज्य ब्राह्मणांत देवलक गणलेला आहे, आणि त्याच श्लोकांत दुकानदारीवर जगणाराही आहे. उलट पांचव्या अध्यायांत कारागिराचा हात नित्य शुद्ध आणि विक्रीस मांडलेली वस्तुही शुद्ध, असें सांगितलें आहे. ब्राह्मणानें मूर्तीवर जगणें निंद्य. कारूनें ती घडविणें व विकणें निर्दोष. घडविणारा व जगणारा हे दोघे येथें निरनिराळे आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां हौसेकडे वळूं. वात्स्यायनांच्या चौसष्ट कलांत तक्षण, म्हणजे सुतारकाम, आहे; यंत्रमातृका आहे; आणि यादीच्या अखेरीस मुलांचीं खेळणीं करणें हीही कला गणली आहे. तिसऱ्या अधिकरणांत तर बाहुल्यांचीं द्रव्यें मोजून दिलीं आहेत: सूत, लांकूड, शिंग, हस्तिदंत, मेण, पीठ व माती. बाहुलीला तेथें शब्द योजला आहे तो दुहितृका, म्हणजे लहानशी लेक. या कला नागरकांच्या व कुलस्त्रियांच्या करमणुकीच्या, यांत वाद नाहीं. परंतु त्याच प्रकरणांत वात्स्यायन असेंही म्हणतात कीं, पतीचा वियोग होऊन दारुण संकटांत सांपडलेली स्त्री परदेशांत देखील या विद्यांवर सुखानें जगूं शकते. हौस ही संकटकाळची शिदोरी होय, असा हा विचार आहे. आमच्या पाहण्यांतील एका विधवा बाईंनीं चिंध्यांच्या ठक्या करून दोन मुलांचें शिक्षण पुरें केलें. परंतु त्या ठक्या हुबेहूब मुळींच नसत; डोळ्यांच्या जागीं दोन टांके, तोंडाच्या जागीं एक. तशा होत्या म्हणूनच त्या दिवसाला चार होत, आणि विकल्या जात.

हौशी आणि धंदेवाईक हे दोन कर्ते एकाच ग्रंथांत समोरासमोर पाहावयाचे असतील तर सोमदेवाचा कथासरित्सागर उघडावा. मयासुराची कन्या सोमप्रभा आपली मैत्रीण कलिंगसेना हिला भेटावयास तक्षशिलेस येते, ती यंत्रमय लाकडी बाहुल्यांनीं भरलेला करंडक घेऊन. खिळी दाबतांच एक बाहुली आकाशमार्गें जाऊन माळ आणते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते, चौथी संभाषण करते. सोमप्रभेला त्यांचें मोल नको आहे. पित्याची विद्या ती सखीच्या मनोरंजनाकरितां खर्च करते. याच विद्येचे दुसरे दोन जाणते म्हणजे कांचीनगरीचे प्राणधर व राज्यधर हे सुतार बंधु. वडील प्राणधर वेश्यांच्या नादीं लागून स्वतःचें व धाकट्याचें द्रव्य उधळून बसतो. मग तो लाकडी हंसांची जोडी घडवितो, दोरीच्या योगानें ती राजा बाहुबलाच्या कोशांत खिडकीवाटे सोडतो, आणि हंस चोंचींत रत्नें घेऊन येतात. चोरी उघडकीस आल्यावर दोघेही भाऊ आपआपल्या विमानांतून पळून जातात. राज्यधर समुद्रकांठच्या एका ओसाड नगरांत उतरतो व एकटेपणा घालविण्यासाठीं लाकडाचे नागरिक घडवून त्यांत राहतो. कारागिरी दोन्हींकडे सारखीच. किंबहुना राज्यधराचें काम अधिक मोठें, कारण त्यानें अख्खें नगर वसविलें. परंतु ज्याला पोट आहे त्याच्या हातून चोरी होते, आणि जिला पोटाची चिंता नाहीं तिच्या हातून दान होतें. राज्यधराच्या त्या नगरांत बाहुल्या पुष्कळ, पण त्या घ्यावयास गिऱ्हाईक एकही नाहीं, हें सोमदेवानें मुद्दाम योजलें असो वा नसो, फार मार्मिक आहे.

भोजानें समरांगणसूत्रधाराच्या ३१ व्या अध्यायांत सेवा करणाऱ्या लाकडी स्त्रीपुरुषांचीं वर्णनें दिलीं आहेत, पण घडविण्याची कृति पुरी सांगितली नाहीं. अज्ञानामुळें नव्हे, तर गुप्ततेसाठीं ती सांगितली नाहीं, असें तो स्वतःच म्हणतो. यंत्रकारास काय लागतें हें सांगतांना तो परंपरागत कौशल्याला उपदेश, शास्त्राभ्यास, कामाचा उद्योग व बुद्धि यांची जोड देतो. म्हणजे केवळ वंशपरंपरा पुरेशी नाहीं, आणि केवळ हौसही पुरेशी नाहीं.

राजशेखराच्या बालरामायणांत रावणाच्या समाधानासाठीं सीतेची यंत्रमय बाहुली आणली आहे. तिच्या तोंडांत बोलका पक्षी बसविलेला असतो. राजशेखर हा यायावर कुळांतला, आणि त्याचा पूर्वज अकालजलद यास महाराष्ट्रचूडामणि म्हटलेलें आहे. यावरून बाहुलीला महाराष्ट्रीय ठरविण्याचा आमचा मानस नाहीं. परंतु सीतेच्या बाहुलीची गोष्ट निघाली म्हणजे मराठी वाचकाला सांगलीची आठवण होणें साहजिक आहे.

कळसूत्री बाहुल्या आपल्याकडे नव्या नव्हेत. त्यांच्यासाठीं ज्ञानेश्वरींत ‘सायखडें’ हा शब्द येतो, आणि कुडाळजवळील पिंगुळीचे ठाकर तो खेळ सावंतवाडी संस्थानच्या आश्रयानें पिढ्यान् पिढ्या करीत आले. त्यांची जीविका खेळ दाखविण्यावर चाले; बाहुली विकण्यावर ती कधींच नव्हती. त्याच सावंतवाडींतील चितारी मात्र विक्रीवर जगले, पण ते रंगीत पाट, चौरंग, गंजिफा व लाकडी फळें यांच्या. पाणिनीचा भेद एकाच संस्थानांत असा शेजारीं शेजारीं नांदत होता.

सांगलीचे विष्णुदास भावे यांची योग्यता नाटककार म्हणून सर्वमान्य आहे. बाहुल्यांचे कर्ते म्हणून त्यांचा विचार थोडा झाला. त्यांचे वडील अमृतराव हे सांगलीकर पटवर्धनांच्या पदरीं होते. विष्णुपंतांना लहानपणापासून मातीच्या मूर्ति व चित्रें करण्याचा नाद होता, आणि सांध्यांवर हलणाऱ्या लाकडी बाहुल्या ते स्वतः घडवीत. सीतास्वयंवराचा खेळ या बाहुल्यांकडूनच करवावा असा त्यांचा मूळचा बेत होता, असें सांगतात. इतक्यांत कर्नाटकांतील भागवतांचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेबांनीं मराठींत तसा पण अधिक नेटका खेळ रचण्याची आज्ञा केली, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सीतास्वयंवर जिवंत नटांकडून झालें. ज्याच्या बोटांत दोऱ्या खेळल्या तोच माणूस रंगभूमीवर सूत्रधार होऊन पदें म्हणूं लागला. सूत्रधार हा शब्द मुळांत कळसूत्री बाहुल्यांच्या खेळांतला, असें मत आपल्या शंकर पांडुरंग पंडितांनीं मांडलें आणि १९०० सालीं पिशेलनें त्याचा विस्तार केला. तें मत पुढें पुष्कळांनीं खोडलें, व आम्हांसही तें सर्वस्वीं मान्य नाहीं. परंतु सांगलीपुरतें तें अक्षरशः खरें झालें!

१८५१ सालीं आप्पासाहेब वारले आणि आश्रय तुटला. यापुढें काय झालें तें आमच्या विषयाला निर्णायक आहे. भावे यांनीं बाहुल्यांचें दुकान मांडलें नाहीं. त्यांनीं नाटकमंडळी घेऊन गांवोगांव खेळ केले, आणि १८५३ सालीं मुंबईस तिकिटें लावून नाटकें केलीं. सुमारें १८६२ पर्यंत हा क्रम चालला. १८८५ सालीं त्यांचा नाट्यकवितासंग्रह छापून निघाला, आणि १९०१ सालीं ते निवर्तले. बाहुल्यांच्या कामांतील हात उत्तम असतांना त्यांनीं पोटासाठीं निवडलें तें नाटक, कारण त्याला प्रेक्षक पैसे देत होते. बाहुली ही त्यांची हौसच राहिली. म्हणून तिला ‘हौशी काम’ म्हणावें कीं काय? आमच्या पहिल्या कसोटीवाल्यांनीं याचें उत्तर द्यावें.

येथें एक आक्षेप संभवतो. बंगाल्यांतील कृष्णनगरच्या घूर्णी भागांतील पाल घराण्यांनीं हुबेहूब मृण्मय मूर्ति करणें हाच पूर्ण वेळचा धंदा केला, आणि तो चालला. हें खरें आहे. खरे केस, खरें वस्त्र, सुरकुत्यांसह चेहरा अशी त्यांची करामत. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत त्यांचीं कामें मांडलीं गेलीं, आणि १८८३–८४ च्या कलकत्त्याच्या प्रदर्शनासारख्या प्रसंगांसाठीं यदुनाथ पाल यांनीं पुरुषभर उंचीच्या मूर्ति घडविल्या. परंतु हें गिऱ्हाईक कोण होतें हें पाहावें. कृष्णनगरच्या राजाच्या मागून प्रदर्शनें, पदार्थसंग्रहालयें व साहेबलोक आले. त्यांना हिंदुस्थानांतील मोची, सुतार, भिस्ती व फकीर कपाटांत मांडून हवे होते. एकोणिसाव्या शतकांत पुण्यासही अशा जातीजातींच्या मूर्ति होत, आणि मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत अशा मूर्तींचीं कपाटें आजही पाहावयास मिळतात. तेथें जी विकली गेली ती वस्तुतः माहितीच होय. बाहुली तिचें साधन झाली, आणि ती मागणी ओसरतांच पुण्याच्या त्या कामाचें नांवही लोक विसरले. घूर्णीचें काम टिकलें, याचें एक कारण त्याच मातीवर देवमूर्तींचा धंदाही चालतो. रायगड जिल्ह्यांतील पेण येथें गणपतीच्या मूर्तींवर वर्षभर कारखाने चालतात, तो प्रकार याहून फारसा निराळा नाहीं.

तेव्हां बाहुलीची नोंद करतांना तिच्या नाकडोळ्यांपेक्षां तिच्या सांध्यांकडे, पाठीकडे व पायाकडे आधीं पाहावें. मस्तकांत किंवा हातांत दोरीचीं भोंकें असून तीं झिजलेलीं असतील तर ती खेळांतली. तेल, शेंदूर किंवा गंध यांचे थर असतील तर ती पूजेंतली. बैठकीखालीं चिठी, आंकडा किंवा जातीचें नांव असेल तर ती प्रदर्शनांतली. यांपैकीं कांहीं नसेल आणि काम मात्र अतिशय जीव ओतून केलेलें असेल, तर तेथें हौशी हाताचा संशय धरावा. भावे यांच्या बाहुल्यांचा जीर्णोद्धार रामदास पाध्ये यांनीं केला, त्यामुळें त्या तरी अभ्यासकांस उपलब्ध आहेत. ज्यांच्या संग्रहीं सांगली, सावंतवाडी किंवा पुणें येथील जमाखर्चाचीं बाडें असतील, त्यांनीं त्यांत चितारी, जिनगर, कुंभार व खेळकरी यांच्या नांवें पडलेल्या रकमा रोजमुरा, इनाम कीं किंमत म्हणून लिहिल्या आहेत तें पाहून, नकला मूळ शब्दांसह या त्रैमासिकाकडे पाठवाव्या.