लिनक्स संगणकावरील मराठी अक्षरे : आकार व दर्शनातील दोष आणि त्यांचे निवारण

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम मार्गालगत तरमणी आणि पेरुंगुडी ही एकमेकांना लागून असलेली उपनगरे आहेत. संगणक उद्योगाचा पट्टा म्हणून हा भाग ओळखला जातो. या पट्ट्यातील टायडल पार्क संकुलात असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, अर्थात सी-डॅकने, ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स’ म्हणजेच ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित संगणक प्रणाली विकसित केली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. डेबियन या लिनक्स संचाच्या पायावर उभारलेल्या या प्रणालीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय करण्यात आली. शाळांसाठी ‘एज्युबॉस’ ही स्वतंत्र आवृत्तीही तयार झाली.

भारतीय भाषांतून लिनक्स वापरणाऱ्यांना मात्र एक अडचण वारंवार भेडसावते. पडद्यावरील अक्षरे अतिशय बारीक दिसतात, जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या भलत्याच जागी जातात किंवा अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी उमटतात. या दोषांची कारणे वेगवेगळी असल्याने त्यांचे उपायही वेगवेगळे आहेत. कारण न ओळखता केलेली दुरुस्ती कधीकधी मूळ मजकुराचेच नुकसान करते.

अक्षर पडद्यावर कसे उमटते?

मराठी मजकूर संगणकात चित्ररूपाने साठवला जात नाही. प्रत्येक वर्णाला युनिकोड या आंतरराष्ट्रीय प्रमाणकानुसार एक क्रमांक असतो आणि तेवढाच साठवला जातो. देवनागरीची युनिकोडमधील मांडणी भारतीय प्रमाणक ‘इस्की’वरून घेण्यात आली आहे. ‘कि’ या अक्षरात आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते. पडद्यावर वेलांटी आधी दिसते, ती पुढील प्रक्रियेमुळे.

लिनक्सवर ही प्रक्रिया चार टप्प्यांत होते. ‘फॉन्टकॉन्फिग’ हा घटक त्या भाषेसाठी योग्य फॉन्ट निवडतो. ‘हार्फबझ’ वर्णांची जुळणी करून जोडाक्षरे घडवतो. ‘फ्रीटाइप’ त्या आकारांचे ठिपक्यांत रूपांतर करतो. शेवटी ‘जीटीके’ किंवा ‘क्यूटी’ यांसारखा खिडक्या रेखाटणारा संच ती अक्षरे प्रोग्रॅमच्या खिडकीत मांडतो. गनोम आणि एक्सएफसीई या डेस्कटॉपचे प्रोग्रॅम सामान्यतः जीटीकेवर, तर केडीईचे प्रोग्रॅम क्यूटीवर चालतात. एकाच संगणकावर एका प्रोग्रॅममध्ये मराठी नीट आणि दुसऱ्यात वेडीवाकडी दिसण्यामागे बहुधा हा फरक असतो.

अक्षरे बारीक का दिसतात?

फॉन्टचा आकार ‘पॉइंट’ या एककात मोजतात. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. पडद्यावर एका इंचात किती ठिपके आहेत हे माहीत असेल तरच पॉइंटचे अचूक ठिपके करता येतात. अनेक डेस्कटॉप ही संख्या ठरावीक ९६ धरतात. या हिशेबाने १२ पॉइंटचे अक्षर १६ ठिपक्यांचे होते.

चौदा इंची पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतील, तर प्रत्यक्षात इंचाला सुमारे ११२ ठिपके पडतात. त्याच आकाराच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतील, तर ही संख्या सुमारे १५७ होते. परिणामी १० पॉइंटचे अक्षर पहिल्या पडद्यावर साडेआठ पॉइंटच्या आसपास, तर दुसऱ्या पडद्यावर सुमारे ६ पॉइंटचे दिसते. देवनागरीत शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार येतात. तेवढ्याच उंचीत हे सारे बसवावे लागत असल्याने मूळ अक्षराला जागा कमी उरते. म्हणून रोमन मजकूर सहज वाचता येणाऱ्या आकारात मराठी वाचताना डोळ्यांवर ताण येतो.

आकार वाढवण्याचे मार्ग

गनोममध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ विभागात ‘लार्ज टेक्स्ट’ हा पर्याय आहे. तो निवडल्यास सर्व मजकूर सव्वापट मोठा होतो. यापेक्षा वेगळे प्रमाण हवे असल्यास ‘ट्वीक्स’ या पूरक प्रोग्रॅममधील फॉन्ट विभागात ते ठरवता येते. एक्सएफसीईमध्ये ‘अपिअरन्स’ या खिडकीतील फॉन्ट विभागात इंचामागील ठिपक्यांची संख्या स्वतः भरता येते. ती ९६ ऐवजी १२० केल्यास अक्षरे सव्वापट होतात. केडीईमध्ये पडद्याच्या सेटिंगमधून संपूर्ण दर्शनाचे प्रमाण वाढवता येते.

मजकुराचे प्रमाण आणि पडद्याचे प्रमाण या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याने केवळ अक्षरे मोठी होतात, तर दुसऱ्याने बटणे, चित्रे आणि खिडक्याही मोठ्या होतात. दीडपट किंवा सव्वापट अशा अपूर्णांकी प्रमाणाची प्रायोगिक सोय गनोममध्ये २०१९ च्या ३.३२ या आवृत्तीपासून वेलँड या दर्शन पद्धतीत उपलब्ध झाली. जुन्या एक्स पद्धतीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम अशा अपूर्णांकी प्रमाणात धूसर दिसू शकतात. तसे झाल्यास पडद्याचे प्रमाण शंभर टक्के ठेवून केवळ मजकुराचे प्रमाण वाढवणे सोयीचे ठरते. पडद्याचे ठिपके कमी करून अक्षरे मोठी करण्याचा उपाय मात्र टाळावा. त्याने सर्वच अक्षरांच्या कडा अस्पष्ट होतात.

एखाद्याच प्रोग्रॅमची अक्षरे लहान राहिली, तर तो कोणत्या संचावर आधारित आहे हे पाहावे. गनोमवर चालणारा क्यूटी प्रोग्रॅम किंवा केडीईवर चालणारा जीटीके प्रोग्रॅम डेस्कटॉपचे सेटिंग पाळेलच असे नाही. प्रशासकाच्या अधिकारात उघडलेला प्रोग्रॅम नेहमीच्या वापरकर्त्याची सेटिंग वाचत नाही, त्यामुळे तोही वेगळा दिसू शकतो. जावा भाषेतील प्रोग्रॅमसाठी जावाची आवृत्ती तपासावी. २०१७ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून जावाने अक्षरजुळणीसाठी हार्फबझ स्वीकारले.

ऑफिस आणि ब्राउझरमधील वेगळी सेटिंग

लिबरऑफिसमध्ये मराठीची गणना ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’, म्हणजे जटिल मांडणीच्या लिपींत होते. या लिपींसाठी फॉन्ट आणि आकार रोमन लिपीपासून स्वतंत्रपणे नोंदवले जातात. रोमन अक्षरांचा मूळ आकार १२ वरून १४ केला, तरी मराठी मजकूर पूर्वीइतकाच राहतो, याचे कारण हेच. ‘टूल्स’ मेनूतील ‘ऑप्शन्स’मध्ये भाषाविषयक विभागात जटिल मांडणीचा पर्याय सुरू करावा. त्यानंतर रायटर विभागात या लिपींच्या मूळ फॉन्टचे वेगळे पान दिसते. तेथे फॉन्ट, आकार आणि मराठी ही भाषा निश्चित करावी.

फायरफॉक्समध्ये फॉन्टच्या ‘ॲडव्हान्स्ड’ खिडकीत लिपीनिहाय निवड करता येते. तेथे देवनागरी निवडून आकार आणि किमान आकार ठरवता येतो. पान तयार करणाऱ्याने भाषा मराठी असल्याची नोंद केली असेल, तेव्हा या सेटिंगचा पूर्ण लाभ मिळतो.

चौकट, टिंबांचे वर्तुळ आणि रोमन गोंधळ

बिघडलेले अक्षर कसे दिसते, यावरून दोषाचे मूळ ओळखता येते.

अक्षराच्या जागी चौकट दिसली, तर संगणकातील एकाही फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. जीटीकेवर आधारित प्रोग्रॅममध्ये चौकटीत त्या वर्णाचा युनिकोड क्रमांकही छापलेला असतो. जुन्या फॉन्टमध्ये अशी चौकट हमखास दाखवणारे अक्षर म्हणजे ‘ॲ’. त्याला युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, ०९७२ हा क्रमांक मिळाला. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये ही चिन्हे नसणे स्वाभाविक आहे. नवा फॉन्ट बसवणे हाच येथे उपाय होय.

टिंबांचे वर्तुळ आणि त्यावर मात्रा दिसली, तर वर्णांचा क्रम चुकलेला असतो. व्यंजनाआधी वेलांटी टंकित झाली असेल किंवा एकाच अक्षराला दोन मात्रा लागल्या असतील. येथे मजकूरच दुरुस्त करावा लागतो.

मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक सरमिसळ दिसली, तर तो मजकूर युनिकोडपूर्व काळातील आहे. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले होते. तो विशिष्ट फॉन्ट असेपर्यंतच मजकूर वाचता येतो. अशा फायली परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून, मूळ प्रतीशी पडताळून जतन करणे इष्ट. जीटीके प्रोग्रॅम वापरत असलेल्या ‘पँगो’ या घटकाने २०१९ च्या १.४४ या आवृत्तीपासून ‘टाइप वन’ प्रकारच्या जुन्या फॉन्टचा आधार काढून घेतला. त्यामुळे पूर्वी चालणारा असा फॉन्ट प्रणाली अद्ययावत केल्यावर दिसेनासा होतो.

टर्मिनलच्या खिडकीत अक्षरे समान रुंदीच्या घरांत बसवली जातात. देवनागरी जोडाक्षरांची रुंदी कमीजास्त असल्याने तेथे ती तुटक दिसतात. ही त्या साधनाची मर्यादा आहे. तीच फाइल मजकूर संपादकात उघडल्यास अक्षरे नीट दिसतात.

मराठीस योग्य फॉन्ट

लिनक्सवर विनामूल्य उपलब्ध असलेल्या फॉन्टमध्ये रेड हॅट कंपनीने प्रसिद्ध केलेला ‘लोहित’, गूगलचा ‘नोटो’, मुंबईच्या एक टाइप संस्थेचा ‘मुक्त’ आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील ‘शोभिका’ यांचा समावेश होतो. फॉन्टची फाइल वापरकर्त्याच्या स्थानिक फॉन्ट संचिकेत ठेवून ‘एफसी-कॅश’ हा आदेश दिला की तो प्रोग्रॅमना उपलब्ध होतो. मराठीसाठी प्रणाली कोणता फॉन्ट निवडते, हे ‘एफसी-मॅच’ या आदेशाला मराठीचा सांकेतिक शब्द देऊन पाहता येते.

मराठी आणि हिंदीत ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतील अक्षरांची प्रमाण रूपे निश्चित केली. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे नोंदवल्यावर मराठी वळण आपोआप उमटते. हिंदी वळणाची अक्षरे दिसत असतील, तर फॉन्ट बदलण्यापूर्वी भाषेची नोंद तपासावी.

ओळीच्या वरचे रफार किंवा खालचे उकार कापले जात असतील, तर ओळींमधील अंतर वाढवावे. मेनू आणि बटणांत असे होत असल्यास कमी उंचीचा दुसरा फॉन्ट निवडावा.

मजकुराला धक्का नको

दर्शनातील दोष झाकण्यासाठी मजकूर बदलणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. संगणकावर वेलांटी चुकीच्या जागी दिसते म्हणून ती उलट्या क्रमाने टंकित केली, तर त्या पडद्यावर शब्द बरा दिसेल. परंतु अन्य प्रत्येक संगणकावर तो चुकीचा ठरेल. ‘ॲ’ उमटत नाही म्हणून ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला शब्द डोळ्यांना सारखाच दिसतो, पण शोध घेताना सापडत नाही. शाळेच्या पटावरील नाव, मतदार यादी किंवा जमिनीच्या नोंदी यांत असा फरक राहिला, तर एकाच व्यक्तीची दोन नावे तयार होतात.

मराठीतील अर्धा ‘ऱ’ हे याचे ठळक उदाहरण आहे. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. हा भेद केवळ त्या एका चिन्हावर अवलंबून असतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र क्रमांक आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो ‘र’च्या कळीवरच शिफ्टसह मिळतो. ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही तोच आकार उमटतो. परंतु साठवण भिन्न असल्याने एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास मिळेलच असे नाही. एका कार्यालयात एकच पद्धत पाळणे म्हणूनच आवश्यक ठरते.

तपासणीचा क्रम

दोष आढळल्यास पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये आणि शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर उघडावी. तेथे मजकूर नीट दिसला, तर मजकूर शुद्ध असून दोष दर्शनाचा आहे.

२. सर्व प्रोग्रॅममध्ये अक्षरे बारीक असतील, तर डेस्कटॉपचे प्रमाण बदलावे. एकाच प्रोग्रॅममध्ये असतील, तर त्याची स्वतःची सेटिंग पाहावी.

३. चौकटी दिसत असल्यास युनिकोड फॉन्ट बसवावा. टिंबांचे वर्तुळ दिसल्यास वर्णक्रम दुरुस्त करावा. रोमन सरमिसळ दिसल्यास मजकुराचे परिवर्तन करावे.

४. बदल केल्यानंतर प्रणालीतून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. काही प्रोग्रॅम नवी सेटिंग त्यानंतरच वाचतात.

५. पीडीएफ पाठवण्यापूर्वी तिच्यात फॉन्ट अंतर्भूत असल्याची खात्री करावी. फॉन्ट अंतर्भूत नसल्यास प्राप्तकर्त्याच्या संगणकावर वेगळीच अक्षरे दिसू शकतात.

६. एका वेळी एकच बदल करावा आणि मूळ सेटिंगची नोंद ठेवावी. अनेक बदल एकत्र केल्यास कोणत्या उपायाने दोष गेला, हे कळत नाही.

शाळा किंवा कार्यालयात अनेक संगणक असल्यास एका संगणकावर ही सेटिंग निश्चित करून तीच इतरत्र लागू करावी. सर्व संगणकांवर समान फॉन्ट आणि समान टंकन पद्धत असल्यास एका टेबलावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या टेबलावर जसाच्या तसा वाचता येतो.