पाळीव कुत्र्यांचा युरोपीय संघात प्रवेश

भारतातून पाळीव कुत्रा युरोपीय संघातील देशांत नेताना रेबीज या प्राणघातक रोगाच्या प्रतिबंधासाठी ठरवलेल्या अटी क्रमाने पूर्ण कराव्या लागतात.

प्रथम कुत्र्याच्या त्वचेखाली ओळखीची मायक्रोचिप बसवतात. त्याआधी टोचलेली रेबीजची लस ग्राह्य धरली जात नाही. कारण ती त्याच कुत्र्याला दिल्याचे सिद्ध करता येत नाही. लसीकरणाच्या वेळी कुत्र्याचे वय किमान १२ आठवडे असावे लागते. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासतात. त्यात प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असणे आवश्यक असते. नमुना घेतल्यापासून ३ महिन्यांनी प्रवेश मिळतो. रेबीजचा अधिशयन काळ दीर्घ असू शकतो; लसीपूर्वी झालेला संसर्ग उघड व्हावा, हा या मुदतीचा हेतू आहे. त्यामुळे पूर्वतयारीस किमान ४ महिने लागतात. पुढील लस मुदतीत दिल्यास ही तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

प्रवासापूर्वी शासकीय पशुवैद्याचे आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. फिनलंड, आयर्लंड व माल्टा येथे प्रवेशापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीनाशक औषध देणेही बंधनकारक आहे.

अटी अपूर्ण असल्यास कुत्र्याला परत पाठवतात किंवा विलगीकरणात ठेवतात. दोन्ही शक्य नसल्यास दयामरणाचीही तरतूद आहे.