मोग्याचा विद्यार्थी आणि ७५ सेंटीमीटर काच

नोबेल जाहीर व्हायचे दिवस आले की आमच्या इंजिनिअरिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास उगवतो. फायबर ऑप्टिक्सचे जनक नरिंदर सिंग कपानी, पण २००९चं नोबेल मिळालं चार्ल्स काओंना. बघा, आपल्या माणसावर कसा अन्याय झाला. खाली रागाचे इमोजी. गेली पाच वर्षं मी बॅकएंडचा कोड लिहिते आणि सध्या ऑप्टिक्समध्ये मास्टर्स करायला जर्मनीला जायच्या खटपटीत आहे. त्यामुळे हा फॉरवर्ड मला जरा जास्तच टोचतो. परदेशात विद्यार्थी म्हणून गेलेल्या कपानींनी तिथे रोज नेमकं काय केलं, हे त्यात कधीच नसतं. मला तर तेच हवं आहे.

आधी एक प्रश्न. भिंगं आणि काच यांच्यासाठी कॉलेजात वेगळा विभाग असावा, असं कुणाला का वाटलं? याचं उत्तर येना या जर्मन गावात सापडतं. तिथे कार्ल त्साइसचं सूक्ष्मदर्शकांचं वर्कशॉप होतं. त्याला अर्न्स्ट आब्बे या प्राध्यापकाने गणिताची शिस्त लावली, आणि १८८४मध्ये ओटो शॉटने या मंडळींच्या साथीने काचेचा कारखाना काढला. काचेत काय मिसळलं की प्रकाश किती वाकेल, हे तिथे ठरवून करता येऊ लागलं. मग बाहेरचे देशही तिथूनच काच घेऊ लागले. १९१४मध्ये युद्ध पेटलं, तेव्हा ब्रिटनच्या लक्षात आलं की आपल्या दुर्बिणींची बरीचशी काच शत्रूच्या घरून येते. काच बनवणारे कमी, भिंगांचं डिझाइन जाणणारे त्याहून कमी. १९१७मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात टेक्निकल ऑप्टिक्सचा विभाग निघाला, तो या टंचाईतून. गंमत म्हणजे तिथे डिझाइन शिकवायला नेमलेले प्राध्यापक, ए. ई. कॉनराडी, जन्माने जर्मन होते.

याच कॉलेजात १९५२मध्ये कपानी ऑप्टिक्स शिकायला आले. जन्म पंजाबातल्या मोग्याचा, पदवी आग्र्याची, आणि डेहराडूनच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत प्रकाशीय उपकरणांवर काम केल्याचा अनुभव. पीएच.डी. करायचा त्यांचा विचारच नव्हता. तंत्र शिकायचं, भारतात परतायचं आणि कंपनी काढायची, असा बेत होता. मला हा बेत फार ओळखीचा वाटतो. विमानात बसणाऱ्या निम्म्या लोकांच्या बॅगेत तो असतोच.

तिथे हॅरॉल्ड हॉपकिन्स होते. पोटात घालून बघायची ताठ नळी रुग्णाला किती त्रास देते, हे एका डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं. वाकणारी नळी करता येईल का, हा विचार त्यांच्या डोक्यात होता, रॉयल सोसायटीचं अनुदान मिळालं होतं, आणि हात कमी पडत होते. ते हात कपानींचे.

काम ऐकायला सोपं आहे. केसासारखे काचेचे हजारो तंतू एकत्र बांधायचे, एका टोकाला चित्र, दुसऱ्या टोकाला डोळा. अट एकच: दोन्ही टोकांना तंतूंचा क्रम तोच हवा. क्रम बिघडला तर दिसतो तो चित्राचा नुसता काला. त्यासाठी तंतू रिळावर सलग गुंडाळायचा, एका जागी चिकटवून घट्ट करायचा आणि तिथेच कापायचा, म्हणजे दोन्ही टोकं आपोआप जुळतात. दहा हजारांहून अधिक तंतू, लांबी ७५ सेंटीमीटर. २ जानेवारी १९५४च्या ‘नेचर’मध्ये दोघांच्या नावावर हा निबंध आला. त्याच अंकात नेदरलँड्सचे आब्राहम फान हील यांचाही निबंध होता. तंतूंवर दुसऱ्या पदार्थाचा थर चढवला की प्रकाश शेजारच्या तंतूत गळत नाही, ही त्यांची गोष्ट. म्हणजे एकाच अंकात, एकाच वेळी, दोन वेगळ्या प्रयोगशाळा. आणि त्याही आधी, १९३०मध्ये, म्युनिकमधल्या हाइनरिश लाम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने अशाच जुडग्यातून दिव्याच्या तारेचं चित्र पाठवून दाखवलं होतं. तो ज्यू होता. पुढे त्याला देश सोडावा लागला. ‘जनक’ हा शब्द अशा वेळी कुणाला लावायचा?

आता काओ. शांघायमध्ये जन्मलेले, हाँगकाँगहून लंडनला शिकायला आलेले, म्हणजे तेही परदेशी विद्यार्थीच. त्यांचा प्रश्न वेगळा होता: चित्र नको, संदेश हवा, आणि तो कित्येक किलोमीटर जायला हवा. त्या काळच्या चांगल्या काचेत प्रकाशाचा ऱ्हास किलोमीटरला १,००० डेसिबलच्या घरात होता. हिशोब करून बघा. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एक भाग उरतो. या काचेत ती पाळी २० मीटरवरच येते. कपानींच्या ७५ सेंटीमीटरांत तेवढ्याच ऱ्हासाने जेमतेम १६ टक्के प्रकाश जातो, म्हणून डॉक्टरांच्या नळीला ती काच चालून गेली. १९६६मध्ये काओ आणि जॉर्ज हॉकम यांनी मांडलं की दोष काचेच्या स्वभावात नाही, तिच्यातल्या अशुद्धीत आहे. ऱ्हास किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली आणला तर टेलिफोन काचेतून चालेल. १९७०मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंगने ते करून दाखवलं. २००९चं नोबेल या कामाचं आहे. तुम्ही हे फोनवर वाचताय, त्या डेटाचा रस्ताही इथूनच निघतो.

म्हणून मला ‘नोबेल हुकलं’ हे रडगाणं कपानींवरच अन्याय करणारं वाटतं. त्यांनी केलेलं काम त्याने दिसेनासं होतं. श्रेयाचं खरं भांडण घरातलंच होतं: हॉपकिन्स आणि कपानी यांचं पुढे बिनसलं. कल्पना हॉपकिन्सची, हे मान्य. पण तंतू गुंडाळून, चिकटवून, कापून त्यातून चित्र आरपार आणणं हे नुसतं मदतनीसाचं काम म्हणायला माझं मन तयार होत नाही. गाइडचं अनुदान, गाइडचा प्रश्न, विद्यार्थ्याचे हात: हे गणित आजही कुठल्याही प्रयोगशाळेत भेटतं, आणि परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसाही त्यालाच बांधलेला असतो.

येनात आता फोटॉनिक्सचं मास्टर्स इंग्रजीतून शिकवतात; चार सेमिस्टर, शेवटी प्रबंध. मी तिथल्या प्रयोगशाळांची पानं वाचते तेव्हा विषयाआधी हे बघते, की विद्यार्थ्यांच्या हाताला काय काम देतात.

कपानींनी १९५५मध्ये पीएच.डी. पूर्ण केली आणि ते अमेरिकेत रॉचेस्टरला गेले. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या त्यांच्या १९६०च्या लेखाने. त्याच वर्षी त्यांनी ठरवल्याप्रमाणे कंपनीही काढली. ती कॅलिफोर्नियात.