सफरचंदाची आयात, भारतातील (हंगामी क्रम)

परदेशी सफरचंद भारतात बाराही महिने मिळते; मात्र ते पुरवणारे देश ऋतूनुसार बदलतात.

हंगाम : देशी फळ जुलैत हिमाचल प्रदेशातून येऊ लागते आणि ऑगस्टअखेरपासून काश्मीरची आवक बाजार व्यापते. शीतगृहांतला हा साठा वसंतात आटतो. एप्रिल ते जुलै हा त्यामुळे आयातदारांचा मोक्याचा काळ. चिली व न्यूझीलंड येथे फेब्रुवारीपासून तोडलेले ताजे ‘गाला’ जातीचे फळ याच वेळी येते. वॉशिंग्टन राज्य, इटली, पोलंड, तुर्कस्तान व इराण यांची तोडणी काश्मीरच्याच सुमारास होते. तरीही ऑक्सिजन कमी राखणाऱ्या शीतगृहांमुळे त्यांचा माल पुढे कित्येक महिने विकता येतो. काश्मीरच्या पुलवामा-शोपियान भागातही अशी शीतगृहे वाढली असून स्थानिक बागायतदारांच्या दृष्टीने ही या व्यापारातील सर्वांत मोलाची घडामोड होय.

शुल्क व निर्बंध : आयातीचे नकाशे हवामानाइतकेच अधिसूचनांनी बदलले आहेत. सफरचंदावरील मूळ आयातशुल्क दीर्घकाळ ५० टक्के होते. किडीच्या कारणावरून २०१७ मध्ये चिनी सफरचंद बंद झाले. अमेरिकेने पोलाद व ॲल्युमिनियमवर लादलेल्या शुल्काला उत्तर म्हणून जून २०१९ मध्ये भारताने अमेरिकी सफरचंदावर आणखी २० टक्के शुल्क बसवले. वॉशिंग्टनचा वाटा कोसळला. ती जागा मुख्यतः तुर्कस्तान व इराण यांनी घेतली. हे जादा शुल्क सप्टेंबर २०२३ मध्ये उठले. त्याआधी, मे २०२३ मध्ये, विमा व वाहतुकीसह किलोला ५० रुपये वा त्याहून कमी किमतीच्या सफरचंदाच्या आयातीला मनाई झाली. भूतानला सूट मिळाली. शुल्कमाफी असलेल्या अफगाण फळाच्या नावाखाली इराणी फळ येते, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे. अशा मालाच्या प्रमाणाबाबत एकमत नाही.

वाहतूक : समुद्रमार्गे रीफर (शीत) कंटेनरमधून, पश्चिम भारतात मुख्यतः न्हावा-शेवा बंदरात.

महाराष्ट्रातील बाजार : वाशीचा फळबाजार व पुण्याचे मार्केट यार्ड ही प्रमुख केंद्रे. मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर, पुण्यातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार घातला.

इतर फळे : किवीचा क्रम याच धर्तीचा. इराणी किवीवर किडीमुळे डिसेंबर २०२१ मध्ये बंदी आली होती. (पहा : किवी, नाशपती.)