डॉ. आर्मिडा फर्नांडिस : नवजात कक्षापासून वस्तीपर्यंत

डॉ. आर्मिडा फर्नांडिस या मुंबईतील ज्येष्ठ नवजात शिशुरोगतज्ज्ञ होत. शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयात त्यांनी प्रदीर्घ काळ सेवा केली व तेथील वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठातापदही भूषविले. आशियातील पहिली मानवी दूधपेढी आणि ‘स्नेहा’ ही संस्था यांच्या उभारणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

शीवचे रुग्णालय धारावीच्या निकट असल्याने तेथे प्रामुख्याने श्रमिक वस्त्यांतील माता येतात. मातेचे कुपोषण व रक्तक्षय यांमुळे अर्भक अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. अशा अर्भकांना जंतुसंसर्ग सहज ग्रासतो. डब्याचे दूध आणि बाटली या मार्गाने जंतूंचा शिरकाव होतो, हे ध्यानी घेऊन डॉ. फर्नांडिस यांनी नवजात कक्षातून या दोन्ही गोष्टी वर्ज्य केल्या आणि मातांनाच कक्षात बोलावून अर्भकांच्या शुश्रूषेत सहभागी करून घेतले.

माता आजारी असल्यास, तिला पुरेसे दूध नसल्यास किंवा ती हयात नसल्यास अर्भकाला काय द्यावे, हा प्रश्न तरीही उरत होता. त्याचे उत्तर म्हणून १९८९ मध्ये शीव रुग्णालयात दूधपेढी सुरू झाली. पेढीत दात्या मातांची आरोग्य तपासणी करून त्यांचे दूध संकलित केले जाते. ते ६२.५ अंश सेल्सिअस तापमानास ३० मिनिटे ठेवून निर्जंतुक करतात. जंतुपरीक्षणानंतर ते उणे २० अंशांवर गोठवून साठवितात आणि सर्वाधिक गरज असलेल्या अर्भकांना प्राधान्याने देतात. मात्र पेढीतील दूध हा स्वतःच्या मातेच्या दुधाला पर्याय नसून पूरक उपाय आहे. मातेस स्तनपानासाठी साहाय्य करणे हेच पहिले कर्तव्य मानले जाते. सार्वजनिक रुग्णालयांतील अशा केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

रुग्णालयात वाचलेले मूल पुन्हा त्याच वस्तीत जाते. तेथील अपुरे पोषण, उशिरा मिळणारे उपचार व घरगुती हिंसाचार यांवर केवळ कक्षातील उपचार पुरे पडत नाहीत. या जाणिवेतून डॉ. फर्नांडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘स्नेहा’ची स्थापना केली. माता व नवजात बालकांचे आरोग्य, बालपोषण, किशोरवयीनांचे आरोग्य आणि स्त्रिया व मुलांवरील हिंसाचाराचा प्रतिबंध ही संस्थेची प्रमुख कार्यक्षेत्रे आहेत. वस्तीतील स्त्रियांना कार्यकर्त्या म्हणून घडविणे आणि त्याच वेळी महापालिकेची आरोग्ययंत्रणा सक्षम करणे, अशी तिची दुहेरी पद्धती आहे.

बाळाला पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिशुदुग्धाच्या पर्यायांची व बाटल्यांची जाहिरात भारतात १९९२ च्या अधिनियमाने निषिद्ध आहे. तथापि प्रसूतीनंतर लवकरच कामावर परतावे लागणाऱ्या श्रमिक मातेला विश्रांती, आहार व घरच्यांचे साहाय्य लाभल्याखेरीज हा सल्ला पाळणे कठीण जाते. शीव रुग्णालयापासून धारावीच्या घरांपर्यंत विस्तारलेल्या या कार्याचे महत्त्व त्यातच आहे.