नामा कोणता, यंत्र कोणते?

नरसीला कयाधूच्या काठी गेलो की एक जुना प्रश्न मनात येतो : हा नामा नेमका कोणता?

संत नामदेवांचे (1270–1350) हे जन्मगाव, असे परंपरा मानते. त्यांच्या अभंगाच्या शेवटी ‘नामा’ किंवा ‘विष्णुदास नामा’ अशी नाममुद्रा येते. पण सोळाव्या शतकात मराठीत महाभारत रचणारा कवीही विष्णुदास नामाच! वह्यांतून आणि गाणाऱ्यांच्या मुखांतून दोघांच्या रचना एकमेकींत मिसळल्या. त्या निवडताना अभ्यासकांना नुसती मुद्रा पुरली नाही. भाषा कोणत्या काळाची, उल्लेख कोणाचे, हेही पाहावे लागले. मुद्रा म्हणजे रचनेने स्वतःच सांगितलेले नाव. तो पुरावा नव्हे.

हा प्रश्न पोथ्यांपुरता नाही, हे मला वडील गेल्यावर कळले. वारसांच्या नोंदीसाठी आम्ही भावंडांनी एका कार्यालयात अर्ज दिला. नोंद झाली, पण थोरल्या आपाचे नावच गळाले. संगणकात नोंद करणारा म्हणून एका कारकुनाचे नाव होते. तो बिचारा म्हणाला, ‘‘मी त्या दिवशी रजेवर होतो.’’ हजेरीपटही तेच सांगत होता. त्याचा पासवर्ड मात्र खोलीतल्या सगळ्यांना पाठ होता. मग नोंद कोणत्या यंत्रावरून झाली?

1948 पर्यंत आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. सरकारी दफ्तर उर्दूत असे. पण कागद कोणी लिहिला, हे जाणते लोक अक्षरावरून ओळखत. संगणकात सगळ्यांचे अक्षर सारखेच. 2018 च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. सही कोणाची हे त्यातून कळते. पण ती वापरणारा हात कोणाचा, हे सही सांगत नाही.

माहितीचा साठा सांभाळणाऱ्या सर्व्हरला त्या क्षणी कोण जोडलेले आहे, याची यादी त्याच्यापाशी असते. वापरणाऱ्याचे नाव, यंत्राचे नाव, जाळ्यातला पत्ता, जोडणीची वेळ. यातले यंत्राचे नाव बहुधा ते यंत्र स्वतःच सांगते, अगदी नाममुद्रेसारखे. पत्ता त्याहून भरवशाचा. तरी एका कार्यालयातली दहा यंत्रे बाहेरून एकाच पत्त्याची दिसू शकतात. मध्ये दुसरा सर्व्हर असला, तर साठ्याला फक्त तो मधलाच दिसतो. जसे आपल्याला मूळ कवी दिसत नाही, नक्कल करणारा दिसतो. म्हणून मधल्याने मूळ माणसाचे नाव आणि यंत्राचा पत्ता पुढे पोचवावा लागतो. शिवाय जोडणी तुटली की यादीतली ओळ पुसली जाते. ती मागाहून हवी असेल, तर वेगळ्या नोंदवहीत आधीच उतरवून ठेवावी लागते.

आमच्या प्रकरणात ती नोंदवही कोणी सुरूच केली नव्हती. कारकुनाला हजेरीपटाने वाचवले. आपाचे नाव दुसऱ्या अर्जाने लागले, पण त्यासाठी सात महिने हेलपाटे घालावे लागले. ते नाव कोणाच्या हातून गळाले, हे आजवर कळलेले नाही.

नाम्याचा घोळ शतकांनंतर अभ्यासकांनी निस्तरायला घेतला, कारण त्यांच्या हाती निदान भाषा तरी होती. संगणकाला तीही नाही. त्याने जे त्या क्षणी टिपून ठेवले, तेवढेच उरते. आपा मात्र आता उतारा हाती आला की आधी स्वतःचे नाव शोधते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)